एका काठीने जग मोजू या

आमच्या वाशीत दिवाळी सरत आली की घरोघर गाठोडी बांधली जाऊ लागतात. धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. आमच्या शेजारची एक मुलगी सातवीत होती. तिची शाळा बुडू नये म्हणून ती आजीजवळ राहणार होती आणि आईवडील चार दिवसांनी कोल्हापूर जिल्ह्यात निघणार होते. सुट्टीचा अभ्यास म्हणून ती आमच्या ओसरीवर जगाचा नकाशा भरीत बसली होती. टोकियो, कैरो, लंडन, सगळी नावे जागच्या जागी होती.

मी तिला म्हटले, “आता कोल्हापूर दाखव.” तिने नकाशावर बरोबर बोट ठेवले.

“शाबास! आता अंगणात उभी राहा आणि हाताने दाखव, कोल्हापूर कुठे आहे ते.”

ती उभी राहिली, गोंधळली. नकाशात कोल्हापूर वाशीच्या खाली असते, म्हणून तिने हात खाली जमिनीकडे केला. आणि मग स्वतःच हसू लागली.

“किती लांब आहे गं?”

“ट्रकला एक रात्र लागते, काका.”

मित्रांनो, हसू नका. तुमच्यापैकी कितीजणांना आपल्या अंगणात उभे राहून मुंबई, दिल्ली किंवा मक्का यांच्या दिशेला हात करता येईल? आपण नावे पाठ करतो, पण त्या नकाशात आपण स्वतः कुठे उभे आहोत हे आपल्याला ठाऊक नसते. वास्तविक भूगोल हा पाठ करण्याचा विषय नसून मोजण्याचा विषय आहे. जगाचा पहिला नकाशा काही कोणी विमानातून पाहून काढला नाही. माणसांनी जमिनीवर काठी रोवली, सावली मोजली आणि हिशेब केला. तोच हिशेब आपण घरच्या घरी करू. साहित्य अगदी साधे: एक मीटर लांबीची सरळ काठी, सुतळी, खडू, शिंप्याची टेप, कंपासपेटी आणि एक घड्याळ. एक सूचना मात्र पाळायची: सूर्याकडे डोळ्यांनी थेट पाहायचे नाही. आपले सगळे काम सावलीवर आहे.

प्रयोग पहिला : उत्तर दिशा शोधणे

“सूर्य पूर्वेला उगवतो” हे आपण ऐकलेले असते. पण तो बरोबर पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो. इतर दिवशी तो थोडा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणून उगवत्या सूर्यावरून दिशा ठरविणे कच्चे काम झाले. पक्के काम असे करा.

अंगणात किंवा माळवदावर दिवसभर ऊन असलेली सपाट जागा निवडा. जमीन समपातळीत आहे की नाही हे पाहण्यासाठी परातीत पाणी घालून ती तेथे ठेवा. काठापासून पाण्याची उंची सगळीकडे सारखी हवी. मध्यभागी काठी रोवा. रोवल्यावर जमिनीच्या वरची लांबी बरोबर १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर भरली पाहिजे. गवंडी वापरतात तसा ओळंबा दोरीला दगड बांधून तयार करा आणि काठी सरळ उभी आहे याची दोन बाजूंनी खात्री करून घ्या. आता काठीच्या पायाशी सुतळी धरून जमिनीवर एक वर्तुळ काढा. हिवाळ्यात त्याची त्रिज्या काठीइतकीच, म्हणजे १ मीटर, ठेवली तर चालते. मार्चनंतर सूर्य जास्त वर चढतो आणि सावल्या आखूड होतात, तेव्हा वर्तुळ लहान काढा.

सकाळी सावली लांब असते, म्हणून तिचे टोक वर्तुळाच्या बाहेर असते. सूर्य वर चढतो तशी सावली आखडत येते आणि एका क्षणी टोक वर्तुळाला शिवून आत शिरते. त्या जागी खूण करा आणि वेळ लिहून ठेवा. दुपारी सावली पुन्हा लांबू लागते आणि टोक वर्तुळाबाहेर पडते. तेथेही खूण करा आणि वेळ लिहा. दोन्ही खुणा सुतळीने जोडा. या सुतळीचा मध्यबिंदू काढून त्यातून काठीपर्यंत रेघ मारली की झाली उत्तर–दक्षिण रेषा!

हे असे का होते? सूर्य सकाळी जसा चढतो तसाच दुपारी उतरतो. सारख्या लांबीच्या दोन सावल्या मध्यान्हापासून सारख्याच अंतरावर असतात. म्हणून त्यांच्या बरोबर मधली रेषा ही मध्यान्हाच्या सावलीची रेषा असते. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनाही ही रीत माहीत होती. अशा उभ्या काठीला ते ‘शंकू’ म्हणत आणि तिची लांबी बारा अंगुले धरीत.

ही रेषा रंगाने किंवा चुन्याने पक्की करून ठेवा. पुढच्या सगळ्या प्रयोगांत ती लागणार आहे.

प्रयोग दुसरा : आपण विषुववृत्तापासून किती वर?

समजा, २१ मार्च किंवा २३ सप्टेंबर या दिवसाच्या सुमारास विषुववृत्तावर कोणी काठी रोवली आहे. त्या दिवशी तेथे भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणून काठीची सावली पडत नाही. आता ती काठी घेऊन तो माणूस उत्तरेकडे चालू लागला. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याची काठी सूर्याच्या दिशेपासून हळूहळू कलत जाईल. तो पृथ्वीच्या गोलावर जितके अंश उत्तरेला सरकला, बरोबर तितकेच अंश काठी आणि सूर्यकिरण यांच्यात कोन पडेल. म्हणजे विषुवदिनी मध्यान्ही काठीच्या टोकाशी जो कोन होतो तोच त्या गावाचा अक्षांश!

हा कोन मोजायला त्रिकोणमिती यावीच लागते असे नाही. मोठ्या कागदावर २० सेंटिमीटरची उभी रेघ काढा. ती झाली काठी. म्हणजे प्रमाण पाचास एक झाले. तिच्या तळाशी काटकोनात सावलीची रेघ त्याच प्रमाणात काढा. दोन्हींची टोके जोडा आणि वरच्या टोकाशी कोनमापक ठेवा.

वाशीत विषुवदिनी १०० सेंटिमीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली सुमारे साडेतेहतीस सेंटिमीटर पडते आणि कोन येतो साडेअठरा अंश. आपली वाशी साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. बारा अंगुलांच्या शंकूची हीच सावली सुमारे चार अंगुले भरते. विषुवदिनीच्या या सावलीला ‘पलभा’ असे नाव आहे. म्हणजे पलभा हे अक्षांश सांगण्याचे जुने मापच होय.

विषुवदिन वर्षातून दोनदाच येतो. मग इतर दिवशी काय करायचे? २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २३.४ अंशांवर असतो. त्या दिवसांत आलेल्या कोनातून २३.४ वजा करा, की अक्षांश मिळेल. २१ जूनच्या सुमारास तो तितकाच उत्तरेस असतो. तेव्हा वाशीत एक गंमत दिसते: मध्यान्हीची सावली उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते! कारण सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेकडे गेलेला असतो. त्या दिवशी २३.४ अंशांतून आपला कोन वजा करायचा.

सूर्य आपल्याला ओलांडून जातो त्या दिवशी तो बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. वाशीत हा शून्य सावलीचा दिवस १३–१४ मेच्या सुमारास येतो. परतीच्या वाटेवर तो जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मे महिन्यात सुट्टीच असते, तेव्हा हा दिवस चुकवू नका.

प्रयोग तिसरा : घड्याळातला रेखांश

आता उत्तर–दक्षिण झाले. पूर्व–पश्चिम कसे मोजायचे? त्यासाठी घड्याळ हवे. पहिल्या प्रयोगात आपण दोन वेळा लिहून ठेवल्या आहेत. त्या दोन वेळांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे आपल्या गावचा खरा मध्यान्ह. तो घड्याळात बाराला होत नाही हे पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

आपली घड्याळे भारतीय प्रमाणवेळ दाखवितात. १ जानेवारी १९०६ पासून ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरविली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वी २४ तासांत, म्हणजे १४४० मिनिटांत, ३६० अंश फिरते. म्हणजे दर अंशाला ४ मिनिटे लागतात. सूर्य मिर्झापूरजवळच्या रेषेवर बारा वाजता माथ्यावर येतो आणि मग आपल्याकडे येतो. त्याला यायला जितकी मिनिटे लागतील त्यांना ४ ने भागले की तितके अंश आपण पश्चिमेला आहोत.

पण येथे एक अडचण आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि पृथ्वीचा आसही कललेला आहे. त्यामुळे सूर्य घड्याळाशी तंतोतंत जुळवून घेत नाही. फेब्रुवारीत तो सुमारे १४ मिनिटे उशिरा, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे लवकर माथ्यावर येतो. वर्षातले चार दिवस मात्र हा फरक जवळजवळ शून्य असतो: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. यांपैकी एखाद्या दिवशी प्रयोग केलात तर कुठलीच दुरुस्ती करावी लागत नाही. २५ डिसेंबर सगळ्यांत सोयीचा, कारण त्या दिवशी शाळेला सुट्टी असते आणि आकाशही स्वच्छ असते.

काठी ते काठी

आता आमच्या शेजारच्या मुलीकडे वळू. उत्तर–दक्षिण रेषा काढून झाल्यावर तिच्या डोक्यात एक कल्पना आली. आईवडील निघाले तेव्हा तिने त्यांच्या गाठोड्यात बरोबर एक मीटर भरेल अशी खूण केलेली एक काठी आणि शिंप्याची टेप ठेवली. काठी कशी रोवायची, वर्तुळ कसे काढायचे हे वडिलांना अंगणात दोनदा करून दाखविले. २५ डिसेंबरला दोघांनीही माप घ्यायचे ठरले.

त्या दिवशी तिने आमच्या माळवदावर काठी उभी केली. सावली वर्तुळाला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी आणि दुपारी १ वाजून ३४ मिनिटांनी शिवली. म्हणजे मध्यान्ह १२ वाजून २७ मिनिटांनी. सर्वांत आखूड सावली भरली ९० सेंटिमीटर.

संध्याकाळी कोल्हापूरकडून वडिलांचा फोन आला. कोपीसमोर चोपून सपाट केलेल्या जागेवर त्यांनी काठी रोवली होती. मधल्या वेळेत गाडी भरायला जावे लागले तेव्हा आईने खुणा केल्या. वेळा होत्या ११ वाजून ९ मिनिटे आणि १ वाजून ५७ मिनिटे. मध्यान्ह १२ वाजून ३३ मिनिटांनी. आखूड सावली साडेचौऱ्याऐंशी सेंटिमीटर.

मग आम्ही कागद घेऊन बसलो.

तिच्या सावलीवरून कोन आला ४२ अंश आणि वडिलांच्या सावलीवरून ४०.२५ अंश. दोन्ही मापे एकाच दिवसाची असल्यामुळे २३.४ वजा करण्याचीही गरज नाही. नुसता फरक घेतला की पुरे. फरक १.७५ अंश. उत्तर–दक्षिण दिशेत एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा आईवडील आपल्या दक्षिणेला १.७५ × १११ = सुमारे १९४ किलोमीटरांवर आहेत.

मध्यान्हांत फरक ६ मिनिटांचा; म्हणजे ६ ÷ ४ = १.५ अंश. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात. म्हणून आपल्या भागात रेखांशाचा एक अंश १११ नव्हे, तर सुमारे १०६ किलोमीटर भरतो. १.५ × १०६ = १५९ किलोमीटर. सूर्य तेथे उशिरा पोहोचला, याचा अर्थ ते पश्चिमेला आहेत.

एक बाजू १९४, दुसरी १५९ आणि मध्ये काटकोन. पुढे काय करायचे हे तिला सांगावे लागले नाही. पायथागोरसचा सिद्धांत शाळेत नुकताच झाला होता. कर्ण आला सुमारे २५० किलोमीटर. नकाशावर वाशी ते कोल्हापूर सरळ रेषेत पट्टीने मोजले तर अंतर २६० किलोमीटरांच्या आसपास भरते. एक काठी, एक टेप आणि एक फोन. आणि चूक फक्त दहा किलोमीटरांची!

नंतर ती माळवदावर गेली. रंगविलेल्या रेषेवर उभी राहून तिने दक्षिणेकडून पश्चिमेकडे सुमारे चाळीस अंशांचा कोन मोजला आणि त्या दिशेला हात केला. आजीला हाक मारून म्हणाली, “आजी, आई तिकडं आहे. या चिंचेच्या शेंड्यावरून सरळ.” आजीही बराच वेळ चिंचेकडे पाहत राहिली.

प्रयोग चौथा : पृथ्वीचा घेर

दोन काठ्यांनी दोन गावांतले अंतर काढता येते, तसेच अंतर आधीच माहीत असेल तर सगळ्या पृथ्वीचा घेरही काढता येतो. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे २४० वर्षे एराटोस्थेनिसने हेच केले. आज आस्वान म्हणतात त्या गावी एका ठरावीक दिवशी मध्यान्ही सावली पडत नसे, तर त्याच दिवशी अलेक्झांड्रियात सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश होता. तेव्हा दोन गावांतल्या अंतराची पन्नासपट म्हणजे पृथ्वीचा घेर!

आपल्याला यासाठी आपल्या बरोबर उत्तरेचे किंवा दक्षिणेचे गाव हवे. नकाशा उघडा. वाशीचा रेखांश सुमारे पावणेशहात्तर अंश पूर्व आहे. त्या रेषेवर बोट ठेवून वर सरका: बीड, भुसावळ, उज्जैन, जयपूर! खाली सरका: थेट केरळातले कोझिकोड. ही सगळी गावे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, म्हणजे त्यांचा आणि आपला मध्यान्ह जवळजवळ एकाच क्षणी होतो. आणि ही रेषा काही साधीसुधी नाही. १८८४ साली जगाने ग्रीनिचची रेषा शून्य रेखांश म्हणून स्वीकारली. पण त्याच्या कितीतरी शतके आधी आपले ज्योतिर्विद उज्जयिनीतून जाणारी रेषा मूळ धरून गणित करीत असत. पुढे अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने जयपूर आणि उज्जैन या दोन्ही ठिकाणी वेधशाळा बांधल्या. तेथील भव्य सम्राट यंत्रे आजही सावलीवरून वेळ दाखवितात. आपल्या माळवदावरची काठी या यंत्रांची धाकटी बहीणच म्हणायची.

यांपैकी एखाद्या गावी तुमचे नातेवाईक किंवा मित्र असतील तर त्यांना कळवा. विषुवदिनी १०० सेंटिमीटर काठीची मध्यान्हीची सावली कोझिकोडला सुमारे २०, वाशीत साडेतेहतीस, भुसावळला साडेअडतीस, उज्जैनला ४३ आणि जयपूरला ५१ सेंटिमीटर पडेल. उज्जैनचा कोन येईल २३.२ अंश, आपला १८.५, फरक ४.७. नकाशावर पट्टीने मोजलेले सरळ अंतर सुमारे ५१५ किलोमीटर. रस्त्याचे अंतर घेऊ नका. तो वळणे घेत जातो.

४.७ अंशांना ५१५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा: ५१५ × ३६० ÷ ४.७ = सुमारे ३९,४५० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा घेर आहे सुमारे ४०,००८ किलोमीटर.

कोणी म्हणेल, नकाशावरचे अंतर कोणी मोजले? प्रश्न रास्त आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासपासून साखळी आणि कोन मोजणारे थिओडोलाइट यंत्र घेऊन भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. आपल्या रेषेच्या सुमारे दोन अंश पूर्वेकडून तो दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजीत निघाला होता. १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच, तो वारला. त्याच्यासारख्या माणसांनी आणि त्यांच्याबरोबर साखळ्या ओढणाऱ्या शेकडो माणसांनी जमीन पायाखाली घातली, म्हणून आपल्याला आज पट्टी ठेवून अंतर सांगता येते.

प्रयोग पाचवा : पृथ्वीगोल उन्हात ठेवा

घरी किंवा शाळेत पृथ्वीगोल असेल तर तो त्याच्या स्टँडमधून काढा. नसेल तर एखादा जुना चेंडू घ्या. त्याचा घेर सुतळीने मोजून ३६ ने भागा; येईल ती लांबी म्हणजे दहा अंश. या मापाने विषुववृत्त, अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते आखून नकाशावरून खंडांच्या कडा उतरवून घ्या. हे एका दुपारचे काम नाही, पण चेंडूवर स्वतः काढलेला आफ्रिका खंड जन्मभर लक्षात राहतो.

आता घागरीखाली ठेवतात तशी एक चुंबळ उन्हात आपल्या रेषेवर ठेवा. तिच्यावर गोल असा बसवा की वाशी अगदी माथ्यावर येईल आणि उत्तर ध्रुव आपल्या रेषेवर उत्तरेकडे येईल. बस्स! आता तुमचा गोल खऱ्या पृथ्वीशी समांतर झाला. खऱ्या पृथ्वीचा जो भाग या क्षणी उन्हात आहे तोच भाग तुमच्या गोलावरही उन्हात असेल. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण पृथ्वीवर आणि चुंबळीवरच्या चेंडूवर एकाच दिशेने येतात, म्हणून हे घडते.

२५ डिसेंबरला आमच्या मध्यान्ही गोलाकडे पाहिले. उजेड–अंधाराची सीमा जपानजवळ आली होती. म्हणजे टोकियोत सूर्य मावळायला टेकला होता. लंडन अजून अंधारात होते. दक्षिण ध्रुवावर ऊन आणि उत्तर ध्रुवावर काळोख. कणकेच्या गोळीत छोटी काडी उभी करून ती गोलावर फिरविली, तेव्हा मॉरिशसच्या पूर्वेला हिंदी महासागरात तिची सावली नाहीशी झाली. तेथे त्या क्षणी सूर्य डोक्यावर होता. दर तासाला असे पाहत गेलात तर दिवस, रात्र आणि ऋतू यांवरचे पुस्तकातले पूर्ण प्रकरण डोळ्यांसमोर उलगडते.

प्रयोग सहावा : वाशीहून वाशीला

शेवटचा प्रयोग एका वहीचा. गोलावर साडेअठरा अंशांच्या अक्षवृत्तावर सुतळी लावा आणि वाशीहून पश्चिमेकडे निघा. वाटेत जे लागेल त्याला वहीचे एकेक पान द्या.

प्रथम पुणे लागते, मग सह्याद्री उतरून रेवदंड्याचा किनारा. अरबी समुद्र ओलांडला की ओमान आणि अरबस्तानातील रब अल् खालीचे वाळवंट. तांबडा समुद्र पार करून सुदानात शिरलो की जेबेल बर्कल या प्राचीन डोंगराजवळ नाईल नदी भेटते. पुढे चाड, नायजर, माली, मॉरिटानिया, म्हणजे सहाराच सहारा. मग अटलांटिक महासागर. पलीकडे कॅरिबियन बेटे: पोर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि हैती. हैतीची राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स तर जवळजवळ आपल्याच अक्षांशावर आहे. पुढे मेक्सिको, मग प्रचंड पॅसिफिक महासागर, हवाईच्या थोडे दक्षिणेकडून. त्यानंतर फिलिपाइन्सचे उत्तर टोक, चीनचे हैनान बेट, व्हिएतनाम, लाओस, थायलंड, म्यानमार, बंगालचा उपसागर आणि आंध्रचा किनारा. शेवटी तेलंगणातून लातूर, कळंब आणि पुन्हा वाशी!

हा फेरा सुमारे ३८,००० किलोमीटरांचा आहे. आषाढीच्या दिंडीच्या चालीने, रोज वीस किलोमीटर चाललो आणि समुद्रावरही चालता आले असे मानले, तर पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल.

आता विचार करा. या सगळ्या गावांवर सूर्य सारख्याच कोनातून येतो. पोर्त-ओ-प्रिन्समधल्या एखाद्या मुलाने विषुवदिनी काठी रोवली तर त्याचीही सावली साडेतेहतीस सेंटिमीटरच भरेल. शून्य सावलीचा दिवसही त्याचा आणि आपला एकच. मग सहारात वाळू, कोकणात धो धो पाऊस आणि आपल्याकडे पावसाची वाट पाहणे, असे का?

सूर्य सारखा असला तरी वारे, समुद्र आणि डोंगर सारखे नाहीत. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा उत्तरेकडे सरकते आणि सहारावर खाली उतरते. खाली येताना ती दाबली जाऊन तापते. तापलेल्या हवेत ढग टिकत नाहीत. कोकणात समुद्रावरून आलेले मोसमी वारे सह्याद्रीवर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. आपण सह्याद्रीच्या मागे, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहोत. कॅरिबियन बेटांवर अटलांटिकवरून बाष्प घेऊन येणारे व्यापारी वारे डोंगरांना धडकतात, म्हणून तेथे पाऊस. वहीच्या प्रत्येक पानावर तीनच प्रश्न लिहा: वारा कुठून येतो? समुद्र किती दूर? डोंगर कोणत्या बाजूला? उत्तरे मिळाली की त्या देशातले लोक काय पिकवितात, काय खातात आणि कामासाठी घर सोडून कुठे जातात, हेही उलगडू लागेल. आमच्या शेजारणीच्या वहीतले पहिले पान मात्र कोणत्याच परदेशाचे नाही. त्यावर तिने लिहिले आहे: “वाशी. डोंगर पश्चिमेला. समुद्र दूर. म्हणून आई ऊस तोडायला जाते.”

तेव्हा मित्रांनो, एक मीटरची काठी आजच शोधून ठेवा. वर सांगितलेल्या तारखा दिनदर्शिकेवर लिहा: २१ मार्च, १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर, २३ सप्टेंबर, २५ डिसेंबर. शून्य सावलीचा दिवस तुमच्या गावच्या अक्षांशाप्रमाणे ठरेल. गाव जितके उत्तरेला तितका तो मेमध्ये उशिरा येईल. आणि परगावी तुमचे कोणी असेल, मग ते पुण्यात असो, सुरतेला असो की दुबईला, त्यांनाही एक काठी रोवायला सांगा. वेळ आणि सावली एवढेच कळवायला सांगा. पुढचा हिशेब तुम्हाला आता येतोच.

करून पाहा

१. तुमच्या गावाच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला काय आहे? (अक्षांशाची बाजू बदला, १८० मधून रेखांश वजा करा आणि पूर्वेऐवजी पश्चिम लिहा. वाशीच्या पायाखाली अमेरिका नाही, पॅसिफिक महासागर आहे. सर्वांत जवळची ओळखीची जमीन म्हणजे सुमारे हजार किलोमीटरांवरचे ईस्टर बेट.)

२. वाशीत मध्यान्ह असताना पोर्त-ओ-प्रिन्समध्ये सूर्याप्रमाणे किती वाजले असतील? (त्याचा रेखांश सुमारे ७२ अंश पश्चिम आहे.)

३. सावली मोजताना एक सेंटिमीटरची चूक झाली तर अंतरात किती किलोमीटरांची चूक येईल? हे आकृती काढून ठरवा. मग काठी दोन मीटरची घेतली तर काय फायदा होईल ते सांगा.